प्रोपोलिस मिसळलेल्या दंतद्रव्याची ऊती-सुसंगतता कशी तपासावी

दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रबंधाचा विषय ठरवण्याची वेळ आली की, ‘प्रोपोलिस घेऊ का?’ असे विचारणारा एखादा विद्यार्थी माझ्याकडे हमखास येतो. त्यामागे बहुतेक वेळा एक समजूत असते, की मधमाशीपासून मिळालेला हा राळेसारखा पदार्थ नैसर्गिक आहे आणि म्हणून तो दाताच्या मगजाला (आतल्या मऊ, जिवंत भागाला), हिरडीला आणि मुळाभोवतीच्या ऊतींना मानवणारच. ही समजूत बाजूला ठेवल्याशिवाय चाचणीची आखणी नीट होत नाही, म्हणून सुरुवात मी प्रोपोलिसपासून न करता त्याच पोळ्यातल्या मेणापासून करतो.

१८९२ साली लंडनचे शल्यचिकित्सक व्हिक्टर हॉर्स्ली यांनी मधमाशांचे मेण, बदामाचे तेल आणि सॅलिसिलिक आम्ल यांचे मिश्रण कवटीच्या कापलेल्या हाडातून येणारे रक्त थांबवण्यासाठी वापरले. त्यातूनच पुढे ‘बोन वॅक्स’ हे द्रव्य रूढ झाले आणि तोंडाच्या शस्त्रक्रियेतही ते हाताशी ठेवले जाऊ लागले. ते रक्त थांबवते ते हाडाच्या छिद्रांवर दाबून बसल्यामुळे. शरीर त्याचे शोषण करत नाही, ते तिथेच राहते, त्याच्याभोवती परक्या वस्तूला वेढणाऱ्या बहुकेंद्रकी महापेशी जमतात, कधी ग्रॅन्युलोमा (दाहपेशींची गाठ) तयार होतो आणि त्या जागी हाड भरून येण्यास अडथळा होतो. हेच मेण दंतप्रयोगशाळेत इनले वॅक्सचा (भरणीचा नमुना घडवण्याच्या मेणाचा) घटक म्हणून रोज वापरले जाते आणि तिथे त्याच्याविषयी कोणाची तक्रार नसते, कारण तिथे त्याचा जिवंत ऊतीशी संबंधच येत नाही. पदार्थ एकच असूनही उत्तरे दोन मिळतात. आणि म्हणूनच ऊती-सुसंगतता, म्हणजे जिवंत ऊतींना मानवणे, हा एखाद्या पदार्थाच्या अंगचा गुण न मानता, त्या पदार्थाचे विशिष्ट रूप, त्याची विशिष्ट जागा आणि तिथला त्याचा मुक्काम यांच्या संबंधातून ठरणारी गोष्ट मानावी लागते.

प्रथम कागदावर ठरवावयाच्या गोष्टी

बाटली उघडण्यापूर्वी एका पानावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: आपले द्रव्य कोणत्या ऊतीला लागणार, थेट लागणार की डेंटीनच्या (मगजाभोवतीच्या कठीण भागाच्या) थरातून, आणि किती काळ. वैद्यकीय द्रव्यांच्या जैविक चाचण्यांसाठीच्या आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) १०९९३ मालिकेतील पहिला भाग संपर्काच्या कालावधीनुसार २४ तासांपर्यंत, २४ तासांहून अधिक ते ३० दिवस आणि ३० दिवसांहून अधिक अशी वर्गवारी करतो, आणि दंतद्रव्यांसाठीच्या आयएसओ ७४०५ या मानकात त्याच धर्तीवर चाचण्यांची निवड सांगितलेली आहे. अपघातात सॉकेटमधून बाहेर आलेला दात पुन्हा बसवेपर्यंत ठेवण्यासाठी प्रोपोलिसचे द्रावण वापरायचे असेल, तर प्रश्न मुळावरच्या पेशींचा आणि काही तासांचा आहे. दोन भेटींच्या दरम्यान रूट कॅनलमध्ये ठेवायच्या औषधाचा प्रश्न मुळाच्या टोकाभोवतीच्या ऊतीचा आणि काही आठवड्यांचा आहे. उघड्या पडलेल्या मगजावर ठेवायच्या पल्प कॅपिंग द्रव्याचा प्रश्न मात्र कायमचा आहे. पहिल्या उपयोगासाठी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत प्रोपोलिसमध्ये ठेवलेल्या दातांवर दूध, सलाइन आणि हँक्सचे (पेशी जगवण्यासाठीचे) द्रावण यांच्यापेक्षा अधिक जिवंत पेशी आढळल्या होत्या. हा निष्कर्ष उत्साहवर्धक आहे. तथापि त्याच्या आधारे पल्प कॅपिंगविषयी काहीही म्हणता येत नाही, आणि अनेक प्रबंधांच्या प्रस्तावनेत नेमकी हीच उडी मारलेली दिसते.

कच्चा माल: कोणत्या माशीचा, कोणत्या झाडाचा

माझ्या मते सर्वाधिक निष्काळजीपणा येथे होतो. प्रोपोलिस म्हणजे मधमाशांनी झाडांच्या कळ्या, साली आणि जखमांमधून गोळा केलेला राळेसारखा चिकट पदार्थ, ज्यात त्या स्वतःचे मेण मिसळतात आणि पोळ्यातल्या फटी बुजवतात. ढोबळमानाने त्यात निम्मी राळ, सुमारे ३० टक्के मेण, सुमारे १० टक्के सुगंधी तेले, ५ टक्के परागकण आणि उरलेले इतर पदार्थ असतात, असे सांगितले जाते. परंतु त्या निम्म्या राळेत काय आहे हे माशीपेक्षा झाड ठरवते. युरोपातील प्रोपोलिस प्रामुख्याने पॉप्लरच्या कळ्यांपासून येते आणि त्यात पिनोसेम्ब्रिन, गॅलँगिन, क्रायसिन यांसारखे फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींतली फिनॉल गटाची संयुगे) तसेच काफेइक आम्लाची एस्टर असतात. ब्राझीलचे हिरवे प्रोपोलिस बॅकॅरिस नावाच्या झुडपापासून येते आणि आर्टेपिलिन-सी ही त्याची ओळख असते. या दोन पदार्थांना नाव एक असले तरी पेशींच्या दृष्टीने ते दोन वेगळे पदार्थ आहेत, त्यामुळे ब्राझीलच्या नमुन्यावर मिळालेला निकाल पॉप्लरच्या नमुन्याला किंवा आपल्याकडच्या कोणत्याही नमुन्याला तसाच लावता येत नाही.

महाराष्ट्रात नमुना मिळवताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे. महाबळेश्वरच्या परिसरात, जिथले मांघर हे गाव २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले, तिथे परंपरेने पाळली जाते ती सातेरी माशी, आणि सातेरी सहसा प्रोपोलिस गोळा करत नाही. प्रोपोलिस मिळते ते मुख्यतः मेलिफेरा (युरोपीय) माशीच्या पेट्यांमधून, तर कोकणात पोया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डंखहीन माशीच्या पोळ्यात राळ आणि मेण यांचे वेगळेच मिश्रण असते. त्यामुळे ‘सह्याद्रीतील नैसर्गिक प्रोपोलिस’ अशा शब्दांत कोणी माल देऊ केला, तर तो कोणत्या माशीचा, कोणत्या महिन्यात आणि पेट्या कोठे ठेवलेल्या असताना काढला, हे मधपाळाला प्रत्यक्ष विचारून लिहून घ्यावे. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. माशीची ओळख पटवण्यासाठी आणि विश्वासू मधपाळ शोधण्यासाठी तिथे विचारणा करणे हा चांगला मार्ग आहे.

पेटीच्या लाकडी चौकटी खरवडून काढलेल्या प्रोपोलिसमध्ये लाकडाचे कण, रंगाचे पापुद्रे आणि त्यांच्यासोबत शिसे येऊ शकते. झाकणाखाली प्लॅस्टिकची जाळी ठेवून, माशांनी तिची छिद्रे भरल्यावर जाळी थंड करून तडकवून काढलेला माल पुष्कळ स्वच्छ असतो. पेटीत व्हरोआ या परजीवी माइटसाठी कोणते औषध ठेवले होते, हेही विचारावे. ही औषधे मेणात मुरतात, आणि पुढे पेशी मेल्या तर त्या प्रोपोलिसने मेल्या की औषधाने, हे आपल्याला सांगता आले पाहिजे.

अर्क काढणे आणि त्याची ओळख नोंदवणे

कच्चा माल उणे २० अंश सेल्सियसला कडक करून दळावा, ७० टक्के इथेनॉलमध्ये अंधारात, अधूनमधून हलवत काही दिवस ठेवावा, गाळावा, गाळलेला अर्क फ्रीजमध्ये ठेवून वर येणारे मेण पुन्हा गाळून काढावे आणि ४० अंशांपेक्षा जास्त उष्णता न देता निर्वातात इथेनॉल उडवावे. शेवटी उरलेला कोरडा गाळ तोलावा आणि पुढचे सर्व मोजमाप या गाळाच्या वजनावर ठेवावे. ‘१० टक्के प्रोपोलिस’ या शब्दांचा अर्थ कोणी १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम कच्चा माल असा घेतो, तर कोणी १० ग्रॅम कोरडा अर्क असा. या दोहोंमध्ये प्रत्यक्ष मात्रा कित्येक पटींनी बदलू शकते, आणि म्हणून मात्रा नेहमी दर मिलिलिटरमागे कोरड्या अर्काचे मिलिग्रॅम अशीच लिहावी.

एकूण फिनॉल फोलिन-सिओकाल्टो पद्धतीने आणि एकूण फ्लॅव्होनॉइड ॲल्युमिनियम क्लोराइड पद्धतीने मोजणे महाविद्यालयाच्या जैवरसायन विभागात सहज शक्य असते. शक्य असल्यास एचपीएलसीचा (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीचा) आलेखही घ्यावा, कारण एकूण फिनॉलचा आकडा सारखा असलेले दोन अर्क आतून पूर्ण वेगळे असू शकतात. संपूर्ण अभ्यासासाठी एकाच तुकडीचा अर्क पुरेल इतका आधीच काढून, लहान कुप्यांमध्ये, प्रकाशापासून दूर, उणे २० अंशांना ठेवावा.

द्रव्य तयार करताना

तपासायचे ते दातात जाणारे तयार द्रव्य. केवळ अर्क तपासून थांबू नये. अर्क द्रव्यात मिसळला की द्रव्याची जमण्याची प्रक्रिया बदलते, आणि अनेकदा विषारीपणा अर्कातून येत नाही, तो या बदललेल्या प्रक्रियेतून येतो. रेझिन या पॉलिमर बनून कडक होणाऱ्या द्रव्याच्या बाबतीत हे विशेष खरे आहे: फिनॉल गटाची संयुगे मुक्त मूलकांना पकडतात आणि पॉलिमर बनण्याची क्रिया मंदावते, जे आपण लवंगतेलातल्या युजेनॉलच्या संदर्भात सर्वजण शिकलेलो आहोत. परिणामी न जुळलेला मोनोमर (पॉलिमरचा सुटा घटक) अधिक उरतो, तो झिरपतो आणि पेशींना इजा करतो. अशा वेळी ‘प्रोपोलिस विषारी आहे’ असा निष्कर्ष चुकीचा ठरेल, आणि ‘प्रोपोलिस सुरक्षित असल्याने हे रेझिन सुरक्षित आहे’ हा तर त्याहून चुकीचा ठरेल. म्हणून जमण्याचा वेळ आणि कडकपणा यांची मोजणी पेशींच्या चाचणीपूर्वीच करावी.

याच्या उलट दिशेची फसगतही होते. दुधाच्या दातांच्या रूट कॅनलसाठी झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांच्याऐवजी झिंक ऑक्साइड आणि प्रोपोलिस असे मिश्रण तपासले जाते आणि त्यात पेशी अधिक जगल्या तर श्रेय प्रोपोलिसला दिले जाते. युजेनॉल स्वतः पुरेशा मात्रेत पेशींना घातक आहे. ते काढून टाकल्यानेच निकाल सुधारला असेल, तर प्रोपोलिसने काय केले हे कळतच नाही. यासाठी गट असे हवेत: मूळ द्रव्य, मूळ द्रव्य अधिक केवळ वाहक द्रव (इथेनॉल किंवा प्रोपिलिन ग्लायकॉल, जे वापरले असेल ते, तितक्याच प्रमाणात), आणि मूळ द्रव्य अधिक वाहक अधिक प्रोपोलिस. यांतला मधला गट वगळलेला प्रबंध मी मान्य करत नाही.

झिरपा तयार करणे

जमलेल्या द्रव्यातून पोषक माध्यमात जे उतरते, ते घेऊन बनलेले माध्यम म्हणजे झिरपा. तो तयार करण्यासाठी आयएसओ १०९९३-१२ मध्ये प्रमाणे दिलेली आहेत: ०.५ मिलिमीटरपेक्षा पातळ नमुन्यासाठी दर मिलिलिटरमागे ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग, त्याहून जाड नमुन्यासाठी ३ चौरस सेंटिमीटर, आणि अनियमित आकाराच्या घन नमुन्यासाठी ०.२ ग्रॅम, पेशींच्या चाचणीसाठी सहसा ३७ अंश सेल्सियसला २४ तास. द्रव्य दातात ओलेच ठेवले जात असेल आणि तिथे जमत असेल, तर ताजे मिसळलेले आणि पूर्ण जमलेले असे दोन्ही नमुने घ्यावेत, कारण रुग्णाच्या ऊतीला पहिली भेट ताज्या द्रव्याचीच होते.

येथे गाळणीचा मुद्दा सांगितला पाहिजे. प्रोपोलिसचे घटक पाण्यात फारसे विरघळत नाहीत. इथेनॉलमधला अर्क पाण्यासारख्या माध्यमात टाकला की दुधाळ गढूळपणा येतो. निर्जंतुकीकरणासाठी तो ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढला, तर आपल्याला तपासायचे होते तेच घटक गाळणीवर राहतात आणि खाली उतरते ते जवळजवळ रिकामे माध्यम. मग पेशी आनंदाने वाढतात आणि द्रव्य निर्धोक ठरते. त्यामुळे अर्क इथेनॉलमध्ये असतानाच गाळावा, नमुने निर्जंतुक परिस्थितीत बनवावेत, आणि गाळणे अटळच असेल तर गाळण्यापूर्वी व नंतर एकूण फिनॉल मोजून किती गमावले ते लिहावे. पेशींपर्यंत पोहोचणारे इथेनॉल अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवावे आणि तितकेच इथेनॉल असलेला नियंत्रण गट घ्यावा.

पेशींची चाचणी आणि जांभळ्या रंगाची फसवणूक

आयएसओ १०९९३-५ प्रमाणे एल-९२९ ही उंदराच्या फायब्रोब्लास्टची (संयोजी ऊतीतल्या पेशींची) पेशीमालिका वापरता येते. आपल्याकडे ती पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशी भांडारातून मागवता येते. ९६ वेलच्या (लहान खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलमध्ये सुमारे १०,००० पेशी घालून २४ तास वाढू द्याव्यात, नंतर झिरपा चार तरी वेगवेगळ्या तीव्रतांमध्ये २४ तास द्यावा, आणि शेवटी एमटीटी हे पिवळे रंगद्रव्य घालावे. जिवंत पेशी त्याचे जांभळ्या फॉर्मझानमध्ये रूपांतर करतात. ते आयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळवून ५७० नॅनोमीटरला मोजतात. नियंत्रण गटाच्या तुलनेत जिवंतपणा ७० टक्क्यांच्या खाली गेला तर द्रव्यात पेशीघातक क्षमता आहे असे मानले जाते. शिवाय निम्म्या तीव्रतेच्या झिरप्यात जिवंतपणा पूर्ण तीव्रतेइतका किंवा त्याहून जास्त असायला हवा; तसे नसेल तर आकडे वापरू नयेत आणि चाचणी पुन्हा करावी.

ही पद्धत बहुतेक दंतद्रव्यांसाठी भरवशाची आहे, परंतु प्रोपोलिससाठी ती जशीच्या तशी वापरणे धोक्याचे आहे. माझ्या देखरेखीखालील पहिल्याच चाचणीत प्रोपोलिसच्या वेलमधले आकडे नियंत्रण गटापेक्षाही वर गेले आणि आम्ही सर्वांनी ते पेशींच्या वाढीचे लक्षण समजून आनंद मानला. पुढच्या आठवड्यात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्याच तीव्रतेच्या वेलमध्ये पेशी गोल होऊन तळापासून सुटलेल्या दिसल्या. मग पेशी न घालता केवळ झिरपा आणि एमटीटी एकत्र ठेवून पाहिले, तर ते वेलही जांभळे झाले. पॉलिफिनॉल (प्रोपोलिसमधली फिनॉल गटाची संयुगे) स्वतःच क्षपणकारक, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारे, असतात. ते पेशींच्या मदतीशिवाय एमटीटीला जांभळे करतात, आणि मेलेल्या पेशींच्या वेलमध्येही जिवंतपणाचा आकडा उमटतो. हा दोष यंत्राचा नव्हता आणि विद्यार्थ्याचाही नव्हता. नियंत्रण ठेवण्याचे मला सुचले नाही, ही चूक माझी होती, आणि म्हणून हा परिच्छेद मी इतक्या विस्ताराने लिहीत आहे.

उपाय कठीण नाहीत. एमटीटी घालण्यापूर्वी झिरपा पूर्ण काढून पेशी बफरने दोनदा हलक्या हाताने धुवाव्यात. प्रत्येक तीव्रतेसाठी पेशीरहित वेल ठेवावेत आणि त्यांचा आकडा वजा करावा. प्रोपोलिसचा स्वतःचा पिवळसर तपकिरी रंग किती प्रकाश शोषतो हे एमटीटीशिवाय मोजावे. आणि निकाल न्यूट्रल रेड (जिवंत पेशी शोषतात तो रंग) किंवा एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारे विकर) अशा वेगळ्या तत्त्वावरच्या दुसऱ्या चाचणीने पडताळावा. या सर्वांच्या आधी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पेशींचा आकार ० ते ४ या श्रेणीत नोंदवण्याची मानकातली साधी पायरी गाळू नये. २ पेक्षा वरची श्रेणी पेशीघातक मानली जाते. आकडा आणि डोळा यांचे जमत नसेल, तर डोळ्यावर विश्वास ठेवून आकड्याचे कारण शोधावे.

याच्या विरुद्ध दिशेचा दोषही असतो. काही पॉलिफिनॉल पोषक माध्यमात स्वतःहून ऑक्सिडीकृत होतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करतात. पेशी मग त्या पेरॉक्साइडने मरतात, जे शरीरात त्याच प्रमाणात घडेलच असे नाही. कॅटालेज हे पेरॉक्साइड मोडणारे विकर घातलेला एक गट ठेवला आणि त्यात पेशी वाचल्या, तर कारण तिथेच सापडते.

पेशींची निवडही विचारपूर्वक करावी. एल-९२९ ही अमर्याद वाढणारी मालिका आहे, आणि प्रोपोलिसमधील काफेइक आम्लाचे फेनेथिल एस्टर रूपांतरित (कर्करोगासारख्या बदललेल्या) पेशींना सामान्य पेशींपेक्षा अधिक मारते, असे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. म्हणून तिच्या जोडीला ऑर्थोडॉन्टिक उपचारासाठी काढलेल्या निरोगी दातांमधून, नैतिक समितीच्या मान्यतेने, मगजाच्या किंवा मुळावरच्या पेशी वाढवून वापराव्यात. २००४ मधील एका अभ्यासात अशाच पेशींवर दर मिलिलिटरमागे ४ मिलिग्रॅम आणि त्याहून कमी प्रोपोलिस असताना ७५ टक्क्यांहून अधिक पेशी जिवंत राहिल्या, तर ०.४ मिलिग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये २५ टक्क्यांहून कमी. हा निकाल वाचताना हेही ध्यानात घ्यावे की कॅल्शियम हायड्रॉक्साइड गेली अनेक दशके मगजावर ठेवले जाते, आणि पृष्ठभागावर जो पातळ मृत थर ते निर्माण करते त्याखालीच दुरुस्तीचे डेंटीन तयार होते; पेशींच्या बशीतला पराभव हा दातातला पराभव असतोच असे नाही.

द्रव्य उघड्या मगजाला न लागता डेंटीनवर बसणार असेल, तर आयएसओ ७४०५ मधली डेंटीन-अडथळा चाचणी करावी, जिच्यात द्रव्य आणि पेशी यांच्यामध्ये डेंटीनची चकती असते. प्रत्येक चकतीची जाडी मात्र मोजून लिहावी.

प्राण्यांमधील चाचणी

पेशींच्या चाचणीत स्पष्टपणे नापास झालेले द्रव्य प्राण्यात घालू नये, हे मी नियम म्हणून पाळतो. संस्थेच्या प्राणी नैतिक समितीची मान्यता आधी घ्यावी. उंदराच्या पाठीच्या त्वचेखाली द्रव्य भरलेली पॉलिइथिलीनची नळी ठेवण्याची पद्धत दंतवैद्यकात रुळलेली आहे. रिकामी नळी हे नियंत्रण, आणि नळीच्या उघड्या तोंडाशी असलेली ऊती हीच पाहायची ऊती. काही दिवस, महिना आणि तीन महिने असे टप्पे ठेवले तर सुरुवातीची जळजळ शमते की रेंगाळते हे दिसते.

आयएसओ १०९९३-६ च्या परिशिष्टातील गुणांकन वापरल्यास परीक्षकांचे मतभेद कमी होतात: दाहाच्या पेशी (न्यूट्रोफिल, लिंफोसाइट, प्लाझ्मा पेशी, मॅक्रोफेज, महापेशी) आणि ऊतीमृत्यू यांना प्रत्येकी ० ते ४ गुण देऊन बेरीज दुप्पट करायची, त्यात नव्या रक्तवाहिन्या, तंतुमयता आणि मेद यांचे गुण मिळवायचे, आणि नियंत्रणाची सरासरी वजा करायची. फरक २.९ पर्यंत असेल तर प्रतिक्रिया नगण्य, ३.० ते ८.९ सौम्य, ९.० ते १५.० मध्यम आणि त्यापुढे तीव्र. काचपट्ट्यांवर गटाचे नाव नसावे.

पोळ्यातल्या पदार्थांची एक खास अडचण येथे उद्भवते. ऊतीचे छेद घेताना नमुना अल्कोहोलमधून आणि झायलीनमधून जातो; राळ अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मेण झायलीनमध्ये. काचपट्टीवर मग द्रव्य दिसतच नाही, केवळ रिकाम्या पोकळ्या दिसतात, आणि नवखा निरीक्षक ‘द्रव्याचे शोषण झाले’ असे लिहून मोकळा होतो. अशा पोकळीभोवती महापेशी आहेत का हे पाहावे, आणि काही नमुने गोठवून छेद घेण्यासाठी वेगळे ठेवावेत.

माणसांमधील वापर: ॲलर्जी आणि संमती

प्रोपोलिस हे सुपरिचित संपर्क-ॲलर्जीकारक आहे. काफेइक आम्लाची एस्टर, ज्यांच्यामुळे ते दाहशामक मानले जाते, तीच त्याच्या ॲलर्जीलाही मुख्यतः कारणीभूत असतात. त्यामुळे ‘ॲलर्जी काढून टाकलेले पण तितकेच गुणकारी’ असा दावा सावधपणे तपासावा. ओठांची सूज, तोंडातला दाह आणि व्रण असे परिणाम प्रोपोलिसच्या तोंडातील वापरानंतर नोंदले गेले आहेत. मधमाशी चावल्यावर रुग्णाला त्रास झाला होता का, एवढेच विचारून भागत नाही, कारण विषाची ॲलर्जी तात्काळ प्रकारची आणि प्रोपोलिसची ॲलर्जी मुख्यत्वे विलंबित प्रकारची असते आणि एकीवरून दुसरीचा अंदाज येत नाही. प्रोपोलिस असलेल्या चघळण्याच्या गोळ्या, लिप बाम, मलम किंवा टूथपेस्ट वापरून कधी पुरळ किंवा खाज आली का, पेरू बाल्सम (एका झाडाची सुगंधी राळ) किंवा सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी आहे का, घरी कोणी मधपाळ आहे का, हे विचारावे. शंका असल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडून पेट्रोलेटममधल्या (व्हॅसलीनसारख्या आधारातल्या) १० टक्के प्रोपोलिसची पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून ॲलर्जी पाहण्याची चाचणी) करून घ्यावी. आपल्या प्रयोगशाळेतला अर्क पाठीवर चिकटवून घरगुती चाचणी करू नये, त्यानेच एखादा निरोगी मनुष्य संवेदनशील होऊ शकतो.

क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाकडे नोंदणी पहिल्या रुग्णापूर्वी व्हावी. संमतीपत्र मराठीत, रुग्णाला कळेल अशा शब्दांत असावे, आणि त्यात ‘हे औषध मधमाशांच्या पोळ्यातून मिळालेल्या पदार्थापासून बनवले आहे’ हे वाक्य स्पष्टपणे असावे. आपल्याकडे जैन कुटुंबे मध आणि पोळ्यातले पदार्थ वर्ज्य मानतात. ही माहिती दातात भरल्यानंतर त्यांना कळणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, मग ऊतींनी द्रव्य कितीही चांगले स्वीकारलेले असो.

निष्कर्ष कसा लिहावा

‘प्रोपोलिस ऊती-सुसंगत आढळले’ हे वाक्य प्रबंधात नसावे. त्याऐवजी असे लिहावे: ‘अमुक तालुक्यात, अमुक महिन्यात मेलिफेरा पेट्यांमधून जाळीने काढलेल्या प्रोपोलिसचा, अमुक इतके एकूण फिनॉल असलेला कोरडा अर्क झिंक ऑक्साइडमध्ये अमुक प्रमाणात मिसळला असता, जमलेल्या द्रव्याच्या २४ तासांच्या झिरप्यात मानवी मगजपेशींचा जिवंतपणा, पेशीरहित वेलची वजाबाकी केल्यानंतर, केवळ वाहक असलेल्या गटाच्या तुलनेत अमुक टक्के होता.’ वाक्य लांब होते, परंतु दुसऱ्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला त्यावरून तीच चाचणी पुन्हा करता येते. आणि त्याला त्यासाठी तुमच्या तुकडीतली एक कुपी हवी असेल, म्हणून तिच्यावर माशी, ठिकाण, महिना, कोरडे वजन आणि तारीख लिहून, शेवटच्या रुग्णाची शेवटची तपासणी होईपर्यंत ती उणे २० अंशांना जपून ठेवावी.